सूर्यसिद्धांतांतील कालांश व ग्रहांचें तेज

ग्रह सूर्यापासून किती दूर गेला म्हणजे डोळ्यांस दिसूं लागतो, याचें मान आपल्या ज्योतिषग्रंथांत 'कालांश' या नांवानें दिलेलें असतें. ६ कालांशांची १ घटिका, म्हणजे २४ मिनिटें. ज्या ग्रहाचे कालांश थोडे, तो अधिक तेजस्वी, हें ओघानेंच आलें. सूर्यसिद्धांताच्या नवव्या, म्हणजे उदयास्ताधिकारांतील हे अंक कितपत ग्राह्य आहेत, तें येथें पाहूं.

त्या अधिकारांत गुरूचे ११, शनीचे १५ व मंगळाचे १७ कालांश आहेत. हा क्रम आमच्या मतें निर्दोष आहे. अर्वाचीन मोजणींत प्रतीचा अंक जसजसा कमी, तसतसें तेज अधिक. सूर्यसान्निध्यांत गुरु सुमारें उणे २ प्रतीचा, तर शनि व मंगळ १ प्रतीच्या आसपास असून मंगळ बहुधा अधिक मंद असतो. प्रतियोगाच्या वेळीं मंगळ उणे २.९ पर्यंत चढतो, म्हणून १७ हा अंक चुकीचा, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु तो टिकत नाहीं. अस्तसमयीं मंगळ सूर्यापलीकडे, आपल्यापासून अतिदूर असतो, व ग्रंथकारास तेथलेंच मान सांगावयाचें आहे.

खरी अडचण शुक्र-बुधांची. शुक्र वक्री असतां बिंब मोठें म्हणून ८, व मार्गी असतां लहान म्हणून १० कालांश सांगितले आहेत. लगेच तोच न्याय बुधास लावून वक्री १२ व मार्गी १४ असे अंक दिले आहेत. बिंब मोठें तितकें तेज अधिक, हें गृहीत येथें फसतें. वक्री ग्रह जवळ येतो खरा, पण त्याची प्रकाशित बाजू आपल्याकडून वळलेली असते. या कला नुसत्या डोळ्यांस ओळखूं येत नाहींत. शुक्राच्या कला गॅलिलिओनें १६१० सालीं दुर्बिणींतून पाहिल्या. शुक्राच्या बाबतींत सान्निध्यानें कलाक्षयाची बरीच भरपाई होते, म्हणून त्याचा नियम निभावतो. बुधाची तशी होत नाहीं. मार्गी असतां सूर्यापलीकडे तो उणे १ हूनही तेजस्वी होतो. वक्री होऊन मावळतांना त्याची कोर २-३ प्रतीपर्यंत व पुढें मंदावते. अर्थात् बुधाचे अंक उलट हवे होते. ते वेधानें मिळालेले नसून शुक्रावरून उपमानानें बसविलेले असावेत, असें आमचें अनुमान आहे.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस याचा उपयोग आहे. गुरु-शुक्रांच्या अस्तांत विवाहादि कार्यें वर्ज्य असल्यामुळें जुन्या पंचांगांत हे अस्त नोंदलेले असतात. ते गणितागत होत, दृष्ट नव्हेत. यास्तव त्यांवरून मिति ठरवितांना कांहीं दिवसांचें अंतर सोडणें अवश्य आहे. बुधाचा अस्त मात्र कालनिर्णयाचा आधार म्हणून कोणीं घेऊं नये.