पाश्चरची गोष्ट कुठे थांबते?

लुई पाश्चर आणि जोसेफ मायस्टर यांची गोष्ट वर्गात कधीच सांगितली नाही, असा विज्ञानाचा शिक्षक विरळा. नऊ वर्षांचा मुलगा, पिसाळलेला कुत्रा, घाबरलेली आई, झोप उडालेला शास्त्रज्ञ आणि शेवटी वाचलेले मूल. पस्तीस मिनिटांच्या तासात बसणारी याहून चांगली गोष्ट सापडणे कठीण. या गोष्टीला आजचे रूप मिळाले त्यात दोन कृतींचा वाटा मोठा आहे. एक म्हणजे पॉल द क्रुइफ यांचे १९२६ साली निघालेले 'मायक्रोब हंटर्स' हे पुस्तक, आणि दुसरी म्हणजे विल्यम डीटर्ले यांनी दिग्दर्शित केलेला, १९३६ चा 'द स्टोरी ऑफ लुई पाश्चर' हा चित्रपट. दोन्ही कृती गुणवान आहेत. तरीही त्यांच्या वळणाने आपण वर्गात जी गोष्ट सांगतो ती अपुरी आहे, आणि शिरोळसारख्या तालुक्यात हा अपुरेपणा एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो, असे मला वाटते. तेवढेच या लेखात मांडायचे आहे.

आधी पुस्तकाचे गुण सांगू. द क्रुइफ स्वतः जंतुशास्त्रज्ञ होते, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत त्यांनी काम केले होते. प्रयोगशाळेतले कंटाळवाणे दिवस, फसलेले प्रयोग, पिंजऱ्यातले कुत्रे हे सारे त्यांना आतून माहीत होते. पाश्चरचा परिचय ते एका लहान मुलाच्या भीतीतून करून देतात. फ्रान्समधल्या आर्ब्वा गावी लांडग्याने फाडलेल्या माणसाच्या जखमेवर लोहाराकडची लालबुंद सळई टेकवली जाते आणि ते ऐकून मुलगा पळत सुटतो. आपल्याकडेही चाव्याची जागा डागण्याची रीत होती, त्यामुळे हा प्रसंग आपल्या मुलांना परका वाटत नाही. पुढे पिसाळलेल्या कुत्र्यावरचे स्वतंत्र प्रकरण येते. सशाचा मज्जारज्जू बाटलीत टांगून वाळवायचा, म्हणजे त्यातले विष दिवसागणिक मंदावते, ही कल्पना लेखकाने फार सुबोधपणे मांडली आहे.

चित्रपटाने मात्र अधिक मोकळीक घेतली. त्यातला डॉ. शार्बोने हा पाश्चरचा हट्टी विरोधक संपूर्ण काल्पनिक आहे. तो स्वतःला रेबीजचे द्रव्य टोचून घेतो, त्याला काहीच होत नाही, आणि त्यावरून पाश्चरला मंदावलेल्या विषाचा धागा सापडतो! प्रत्यक्षात हा धागा अनेक वर्षे ससे आणि कुत्रे यांच्यावर काम करून हाती आला. पाश्चरची भूमिका करणाऱ्या पॉल म्यूनी यांना ऑस्कर मिळाले आणि त्यांचे काम आहेही तसे. पण विद्यार्थ्यांना हा चित्रपट दाखवणाऱ्याने शार्बोने खरा नव्हता हे आधी सांगावे. शोध म्हणजे एका नाट्यमय क्षणाचे काम, अशी समजूत एकदा बसली की ती सहजी जात नाही.

आता गोष्टीतल्या पुराव्याकडे वळू. मायस्टरला ४ जुलै १८८५ रोजी कुत्रा चावला आणि ६ जुलैला पहिली लस टोचली गेली. पाश्चर वैद्य नव्हते, म्हणून सुई डॉ. ग्रांशे यांनी धरली. पंधरा दिवस वाळवलेल्या मज्जारज्जूपासून सुरुवात करून रोज अधिक ताजे द्रव्य दिले गेले. दहा दिवसांत तेरा टोचण्या झाल्या, आणि त्या पोटाच्या कातडीखाली दिल्या गेल्या. मुलगा वाचला. यावरून लस गुणकारी ठरते का?

हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. मायस्टरला चावलेला कुत्रा पिसाळलेला होता, हे त्याच्या वागण्यावरून आणि पोटात सापडलेल्या गवत-लाकडाच्या तुकड्यांवरून ठरवले गेले. प्रयोगशाळेतली परीक्षा झाली नव्हती. शिवाय पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या प्रत्येकाला रोग होतोच असे नाही. डोक्या-चेहऱ्याला मोठ्या जखमा असतील तर उपचाराविना निम्म्याच्या आसपास लोकांना होतो, पायाला चावा असेल तर त्याहून बराच कमी जणांना. रोग एकदा दिसू लागला की मात्र मृत्यू जवळजवळ अटळ असतो. म्हणजे एकटा मायस्टर वाचल्याने फारसे काही सिद्ध होत नाही. सिद्धता आली ती संख्येतून. मार्च १८८६ पर्यंत पाश्चर यांनी ३५० जणांवर उपचार केल्याचे सांगितले, त्यांत एक मृत्यू होता. ती दहा वर्षांची लुईझ पेलतिए. चावा बसल्यावर तिला आणायला सदतीस दिवस उशीर झाला होता. माझ्या मते मायस्टरपेक्षा ही मुलगी आपल्या विद्यार्थ्यांना अधिक शिकवते, कारण तिच्या मृत्यूत उशिराचा धडा आहे.

पाश्चर यांच्या वह्या १९७० च्या दशकात अभ्यासकांना पाहता येऊ लागल्या. त्यांच्या आधारे जेराल्ड गायसन यांनी १९९५ साली दाखवले की मायस्टरच्या आधी दोघांवर हा उपचार करून पाहिला गेला होता. त्यांतली एक अकरा वर्षांची मुलगी रोग उघड झाल्यावर आलेली होती आणि ती दगावली. याचा गाजावाजा पाश्चर यांनी केला नाही. गायसन यांच्या निष्कर्षांवर मॅक्स पेरुट्झ यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने कडक टीकाही केली. द क्रुइफ यांना या वह्या पाहायला मिळणे शक्य नव्हते, तेव्हा हा दोष त्यांच्या माथी मारू नये.

पण एक गोष्ट त्यांना कळण्यासारखी होती. लस टोचून घेतलेल्यांपैकी काहींना रेबीज न होता पाय लुळे पडणे, लघवी अडकणे, क्वचित मृत्यू, असे प्रकार होत. रेमलिंजे यांनी अशा रोग्यांची माहिती १९०५ सालीच गोळा करून प्रसिद्ध केली होती. द क्रुइफ यांचे पुस्तक त्यानंतर एकवीस वर्षांनी आले. त्यांच्या कथनाची चाल मात्र मायस्टर, मग लांडग्याने चावलेले रशियन शेतकरी, मग पाश्चरचा सत्कार अशी चढत जाते. औषधानेच माणूस दगावतो ही गोष्ट त्या चढणीत बसत नाही.

आणि नेमकी तिथूनच भारताची गोष्ट सुरू होते. कसौलीला १९०० साली पाश्चर संस्था निघाली. तिथे डेव्हिड सेम्पल यांनी पुढे मेंदूतला विषाणू कार्बॉलिक आम्लाने मारून लस करण्याची रीत बसवली. १९११ च्या सुमारास ती प्रसिद्ध झाली. आपल्याकडे ही लस मेंढीच्या मेंदूपासून होत असे. स्वस्त, देशातच होणारी आणि लाखोंचा जीव वाचवणारी ही लस आपण जवळजवळ नव्वद वर्षे वापरली. पोटात चौदा सुया ही आपल्या आजोबा-पणजोबांची आठवण तिचीच. पोटाची जागा पाश्चरपासून चालत आली, आणि टोचण्यांची मोठी संख्या लसीतले बळ कमी असल्यामुळे.

तिचा धोका कुठून आला? आपल्या मज्जातंतूंवर विजेच्या तारेवर असावे तसे एक वेष्टन असते. त्याला मायलिन म्हणतात. मेंढीच्या मेंदूत ते भरपूर असते. लसीबरोबर ते शरीरात गेले की एखाद्याची संरक्षणव्यवस्था त्यालाच शत्रू ठरवते आणि मग स्वतःच्या मायलिनवरही हल्ला करते. थॉमस रिव्हर्स यांनी १९३३ साली माकडांना निरोगी मेंदूचा अर्क वारंवार टोचून असाच आजार घडवून दाखवला. म्हणजे दोष विषाणूचा नव्हता, ज्यात तो वाढवला त्या मेंदूचा होता. हे काम झाले ते द क्रुइफ ज्या रॉकफेलर संस्थेत होते तिथेच. निरनिराळ्या देशांच्या नोंदींत या आजाराचे प्रमाण काही हजारांत एक ते काही शेकड्यांत एक असे आढळते. विषाणू नीट न मारला गेल्यास आणखी भयंकर घडू शकते. ब्राझीलमधल्या फोर्तालेझा शहरात १९६० साली अशा लसीनेच अठरा जणांना रेबीज झाला.

ही संख्या समोर ठेवून शिरोळकडे पाहू. कृष्णा-पंचगंगेच्या पाण्यावरचा हा उसाचा मुलूख. दारात म्हैस असलेली घरे पुष्कळ, आणि हंगामात फडाफडांवर ऊसतोडकऱ्यांच्या झोपड्या, बैल आणि त्यांच्यामागे कुत्री. कुत्रा रात्री गोठ्यात शिरून म्हशीला चावला तर कुणाला पत्ता लागत नाही. काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी म्हैस खाणे सोडते, लाळ गाळते, घोगरी हंबरते. तिला गिळता येत नसते. मालकाला वाटते, उसाचे वाढे घशात अडकले, आणि तो बिनदिक्कत तोंडात हात घालतो. हाताला ओरखडा असेल तर धोका इथे आहे. पण म्हैस मेल्यावर धावपळ होते ती दूध प्यालेल्यांची. तापवलेल्या दुधातून रेबीज होत नाही. तरीही सेम्पलच्या काळात अशा भीतीने लस घेणारे कमी नसत. समजा, ज्यांना रोगाचा धोका नाहीच अशा दोन हजार जणांनी ती घेतली आणि गंभीर अपायाचे प्रमाण हजारात एक आहे, तर काय होईल? हा हिशेब नववीच्या विद्यार्थ्याला सहज करता येतो. औषध चांगले की वाईट या प्रश्नाला एकच उत्तर नसते, कोणाला आणि कशासाठी हे विचारावेच लागते, हे त्याला या एका उदाहरणातून कळते.

मग गोष्टीचा पुढचा भाग. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत विक्टर आणि कोप्रोव्स्की यांनी मेंदूऐवजी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत विषाणू वाढवला. इराणमध्ये पिसाळलेल्या लांडग्यांनी आणि कुत्र्यांनी चावलेल्या ४५ जणांना ही लस, बहुतेकांना रक्तद्रव्याच्या जोडीने, दिली गेली आणि सर्व वाचले. हे १९७६ साली प्रसिद्ध झाले. मेंदूजन्य लस थांबवावी अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९८४ मध्ये केली. भारतात तिचे उत्पादन थांबायला २००४ चा डिसेंबर उजाडला. नवी लस महाग होती, हे त्याचे मोठे कारण. कातडीत अगदी थोडी मात्रा टोचूनही काम भागते हे सिद्ध झाल्यावर खर्च आवाक्यात आला. ही वीस वर्षांची वाट हादेखील विज्ञानाच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि तो मायस्टरइतकाच सांगण्याजोगा आहे.

हे सारे का सांगायचे? मायस्टरची गोष्ट संपवून मी एकदा आमच्या वर्गात विचारले, "कुत्रं चावलं तर काय कराल?" मागच्या बाकावरून उत्तर आले, "घरात सांगायचंच न्हाई, सर. पोटात चौदा सुया मारत्यात. आमचा आज्जा सांगतोय." मुलगा जन्मला तेव्हा ती लस बंद होऊन काही वर्षे लोटली होती. मी त्याला नुकताच १८८५ सालचा तेरा टोचण्यांचा, पोटात दिलेला उपचार ऐकवला होता. म्हणजे आज्जाच्या सांगण्याला मी शाळेचा शिक्का मारून दिला होता! गोष्ट जिथे थांबवली, तिथेच भीतीही थांबून राहिली. आणि भीतीने लपवलेला चावा म्हणजे लुईझ पेलतिएचे सदतीस दिवस.

त्या मुलाला मी त्या दिवशी सांगायला हवे होते ते असे. चावा किंवा ओरखडा बसला की लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवायची. तिखट, चुना, हळद काही भरायचे नाही, डागायचे नाही. मग थेट सरकारी दवाखाना. लस पोटात नाही, दंडात मिळते. कातडीतल्या पद्धतीत पहिली लस घेतली तो दिवस शून्य धरून त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी जावे लागते. रक्त आले असेल तर जखमेच्या आत-भोवती तयार प्रतिपिंडे असलेले द्रव्यही टोचतात. जनावराला चावा बसला असेल तर पशुवैद्याला दाखवावे, त्याच्यासाठीही लस आहे. लाळ गाळणाऱ्या म्हशीच्या तोंडात हात घालू नये.

द क्रुइफ यांचे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात असावे, मुलांनी ते वाचावे. त्यासारखी ओढ लावणारी विज्ञानकथने थोडीच आहेत. मात्र पिसाळलेल्या कुत्र्याचे प्रकरण संपले की शिक्षकाने आणखी एक तास घ्यावा. त्यात पेलतिए यावी, कसौली यावी, मायलिन यावे, २००४ साल यावे. लसीचा दोष लपवून लसीवरचा विश्वास वाढत नाही. दोष कसा सापडला आणि तो काढायला किती लोक किती वर्षे झटले, हे कळल्याने तो वाढतो. आणि मुलांनी हा तास घरी जाऊन आज्जाला सांगावा, म्हणजे पुढच्या वेळी कुत्रा चावला तर तो घरात लपणार नाही.