आजीबाईंना लिहिलेली उत्तरं

पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की शारदा सदन आठवतं, केडगावचं मुक्ती मिशन आठवतं, ‘केसरी’नं उठवलेली टीकेची झोड आठवते. त्यांची पत्रं मात्र फारशी कुणी उघडत नाही. इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांनी ती जपली आणि संकलित केली. पुढे अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ती मूळ इंग्रजीत प्रसिद्ध केली. त्यांतली १८८५ ची पत्रं मला रमाबाईंच्या एकूण लेखनात सर्वांत सरस वाटतात.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला पोहोचल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजला त्यांनी छोट्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकता-शिकवता त्यांनी बायबल स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला घेतलं. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, सगळ्याबद्दल त्या प्रश्न विचारू लागल्या. आजीबाईंना यात गर्व दिसला आणि तसं त्यांनी लिहिलंही. विचारांवरची टीका स्वभावावर घसरली की उत्तर देणं फार अवघड होतं. रमाबाईंनी ते दिलं, तेही इंग्रजी शिकून जेमतेम काही वर्षं झालेली असताना.

एक पत्र जवळून पाहू. विषय वरवर अगदी किरकोळ, जेवणाचा. रमाबाई शाकाहारी, अंडं घातलेलं पुडिंगही खात नसत. ख्रिस्ती झाल्यावरही जातीचे जुने ग्रह सुटले नाहीत, हाही अहंकारच, असा आजीबाईंचा आक्षेप. रमाबाई तो आक्षेप झटकत नाहीत, उलट हातात घेऊन लांबवत नेतात. गर्व शोधायचाच असेल तर तो पुडिंगात शोधा, लोण्या-दुधात शोधा, भातात, पाण्यात, पायातल्या बूटमोज्यांतही शोधा, अशी ती यादी वाढत जाते आणि वाचणाऱ्याच्या लक्षात येतं की या मापानं मोजलं तर माणसाचं काहीच निर्दोष उरणार नाही. दुसरा कुणी इथेच थांबला असता, कारण वाद इथे जिंकून झालेला आहे. रमाबाई पुढच्याच वाक्यात कबूल करतात की जुन्या ग्रहांतून आपण पूर्ण सुटलेलो नाही. आणि लगेच, स्वर न बदलता, सांगतात की हिंदू म्हणवून घेणं आपल्याला आवडतं, आपण तशा आहोतच, आणि वाडवडिलांच्या चालीरीती जमतील तितक्या पाळणार. आधी थट्टा, मग कबुली, मग ठाम उभं राहणं. या क्रमातच पत्राची सगळी गोडी आहे. कबुली मध्ये नसती, तर शेवटचं वाक्य नुसता हट्ट वाटलं असतं.

आम्हां पनवेलकरांना हे वाक्य परकं वाटू नये. जुन्या पनवेलात १८४९ चं बेथ एल सिनेगॉग उभं आहे. प्रार्थना हिब्रूत, घरात मराठी, आडनावं कोकणातल्या गावांवरून: बेने इस्रायली ज्यू कुटुंबांनी हे पिढ्यान् पिढ्या सांभाळलं. धर्म एक आणि रीतभात आपल्या मातीची, यात विसंगती नाही, हे इथे जगून दाखवलं गेलं होतं. रमाबाईंना ते इंग्लंडमध्ये एकटीनं, कागदावर मांडावं लागलं.

दुसरा प्रसंग शिकवण्याचा. चेल्टनहॅममध्ये त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा विषय निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. त्यावर रमाबाईंनी आपल्या घराचा दाखला दिला: आईनं आणि आपण तरुणांना शिकवण्याला आपल्या वडिलांनी किंवा पतीनं कधी आक्षेप घेतला नाही, मग इथेच का? अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून सनातनी समाजाचा रोष सोसला होता. ज्यांना आपण जगाला प्रकाश दिल्याचा विश्वास होता, त्यांच्यापुढे रमाबाईंनी कर्नाटकातल्या रानात राहणारे आपले वडील उभे केले. मला इथे दरवेळी भरून येतं.

आणि सगळ्यांत धारदार भाग धर्माधिकाराचा. मोठ्या कष्टानं एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवून घेतली, ती लगेच दुसऱ्या जोखडाखाली देणार नाही, असा त्यांचा आशय. आपण ख्रिस्ताच्या मंडळीत आहोत, पण बिशपांच्या तोंडून निघेल तो प्रत्येक शब्द मान्य करायला बांधील नाही. हे श्रद्धा ढळल्याचं लक्षण नव्हे. ख्रिस्तावर पूर्ण भरवसा होता म्हणूनच त्याच्या नावानं बोलणाऱ्यांना त्या निर्भयपणे उत्तर देऊ शकल्या. देव आणि देवाचे कारभारी यांच्यातला भेद त्यांनी लहानपणीच तीर्थयात्रांत पाहिला होता.

इकडे महाराष्ट्रात धर्मांतराबद्दल त्यांच्यावर टीका होत होती, तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्येच ‘सत्सार’ ही पुस्तिका काढून त्यांची बाजू घेतली. पुढे १८९३ मध्ये त्यांनी काढलेल्या शारदा सदनावर धर्मप्रसाराचा ठपका आला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मुलींना दिसू नये म्हणून स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना दार लावून घेणं मात्र रमाबाईंना मान्य झालं नाही.

पत्रांपाठोपाठ त्यांची १९०७ ची साक्ष, म्हणजे स्वतःच्या श्रद्धेचं निवेदन, वाचावी, असं मी आग्रहानं सांगेन. तिथे त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे आजीबाईंना वाटणारी काळजी अगदीच निराधार नव्हती. काहीतरी उणं आहे हे त्यांनी ओळखलं होतं, फक्त ते पुडिंगात आणि आज्ञाभंगात शोधलं. रमाबाईंना ते उणेपण स्वतःच्या वाचनातून, स्वतःच्या वेळी उमगलं, आणि उमगल्यावर त्यांनी ते छापून सांगितलं. १८८५ च्या ठामपणाइतकाच मला हा मोकळेपणा मोठा वाटतो.

जेराल्डिन यांचंही एक ऋण मानलं पाहिजे. स्वतःला लागलेली, बोचलेली पत्रं त्यांना सहज फाडून टाकता आली असती. त्यांनी ती आपल्या टीकेच्या पत्रांशेजारी ठेवली, आणि म्हणून सव्वाशेहून अधिक वर्षांनी दोघींचं म्हणणं आपल्याला समोरासमोर वाचता येतं.