रुमाल आणि प्रजासत्ताक

ओऱ्हान पामुक यांची 'कार' ही तुर्की कादंबरी २००२ साली प्रसिद्ध झाली. 'कार' म्हणजे बर्फ. हिमवृष्टीने जगापासून तुटलेल्या कार्स शहरात 'का' नावाचा कवी तरुणींच्या आत्महत्यांची चौकशी करीत हिंडतो. डोक्यावर रुमाल बांधणाऱ्या मुलींना तेथे शिक्षणसंस्थेची दारे बंद आहेत. १९२४ साली खिलाफत बरखास्त करणाऱ्या प्रजासत्ताकाला त्या रुमालात जुन्या राजवटीची सावली दिसते, तर इस्लामी राजकारणाला तोच आपला ध्वज वाटतो. (डोक्यावर पदर घेतल्याखेरीज मिस्साला न जाणारी माझी आजी या वादाने चक्रावली असती.) विद्यापीठांतील ही बंदी प्रत्यक्षात २०१० पासून सैल होत गेली.

मला सर्वाधिक भिडले ते मिठाईच्या दुकानातील प्रकरण. रुमालबंदी राबविणारा संचालक आणि त्याचा जीव घ्यायला आलेला इसम एकाच टेबलाशी बोलत बसतात. एक धर्माज्ञेचा दाखला देतो, दुसरा शासनाच्या आदेशाचा. भाषा सभ्य आहे, पण पिस्तूल एकाजवळच आहे. पुढे नाट्यगृहात सैनिक गोळ्या झाडतात, तेव्हा प्रेक्षकांना तो नाटकाचाच भाग वाटतो! प्रजासत्ताक वाचविण्यासाठी केलेल्या बंडाची इतकी कडवट थट्टा मी अन्यत्र वाचलेली नाही.

एक उणीव मात्र खुपते. गळफास घेणारी तेस्लिमे आपल्याला भेटते ती केवळ इतरांच्या बोलण्यातून. कदिफे रंगमंचावर डोके उघडे करते, तेही एका पुरुषाने रचलेल्या नाटकात. पामुक यांनी हे हेतुतः केले असेल. तरीही 'का'च्या प्रेमकथेची पाने उलटताना मी तेस्लिमेचाच आवाज शोधत राहिलो.