भुयार चालते कसे

ह्यू हाउई यांच्या ‘वूल’ या कथेत होल्स्टन नावाचा शेरीफ भुयाराबाहेर पाऊल टाकतो, तेव्हा त्याला हिरवे माळरान, निळे आकाश आणि उडणारे पक्षी दिसतात. काही पावले गेल्यावर त्याचा जीव गुदमरतो, तो शिरस्त्राण काढतो, आणि हिरवळ हे शिरस्त्राणाच्या काचेवर उमटवलेले चित्र होते हे त्याच्याबरोबर वाचकालाही कळते. बाहेरचे जग खरोखरच मेलेले आहे. तिथे ती कथा संपते. या लेखनावरून ॲपलने मे २०२३ मध्ये ‘सायलो’ ही मालिका आणली. तिच्यातही होल्स्टन सुरुवातीलाच बाहेर जातो आणि मरतो. पण हिरवळ खरी की मरण खरे, हा उलगडा मालिकेने पहिल्या पर्वाच्या दहाव्या भागापर्यंत अडवून ठेवला. प्रलयानंतर जमिनीखाली तगून राहिलेल्या माणसांच्या कथेचे टेलिव्हिजनवर काय होते आहे, ते या एका बदलावरून बरेचसे कळते. या कथाप्रकाराचा जीव गुपितात नसतो. हजारो माणसांना वर्षानुवर्षे बंद जागेत जगवायचे तर हवा, पाणी, वीज, शिस्त आणि खोटेपणा यांचा जो कारभार सांभाळावा लागतो, त्यात तो असतो. म्हणूनच या प्रकारातले जाणते लेखक गुपित पात्रांपासून लपवत आले आणि वाचकाला मात्र लवकर सांगून मोकळे झाले. टेलिव्हिजन ते प्रेक्षकापासूनही लपवते, आणि त्याची किंमत मोजते.

जुने लेखन काढून पाहिले तर हे सहज पटते. ई. एम. फॉर्स्टर यांची ‘द मशीन स्टॉप्स’ ही कथा १९०९ची. जमिनीखालच्या षटकोनी खोलीत वाश्ती एकटी राहते, हाताशी असलेल्या गोल तबकडीत दूरवरच्या मुलाचा चेहरा पाहते आणि खुर्चीतून न उठता व्याख्याने देते. इथे वाचकापासून काहीही दडवलेले नाही; यंत्र थांबणार हे तर शीर्षकातच आहे. फॉर्स्टर यांचे सगळे लक्ष यंत्र कसे थांबते याकडे आहे. आधी संगीतात खरखर येते, मग आंघोळीच्या पाण्याला वास येऊ लागतो, मग कविता जुळवणाऱ्या यंत्राची यमके चुकतात. लोक तक्रार करतात, उत्तर मिळत नाही, आणि हळूहळू त्यांना खरखरीची सवय होते. शेवटी कळते की दुरुस्ती करणारे यंत्रच नादुरुस्त झाले आहे. मोडकळीला आलेली व्यवस्था माणसे किती निमूटपणे अंगवळणी पाडून घेतात याचे इतके नेमके वर्णन पुढच्या शंभर वर्षांत या प्रकारात क्वचितच झाले असेल, आणि त्यासाठी एकाही धक्कादायक वळणाची गरज पडलेली नाही.

फिलिप के. डिक यांच्या १९६४च्या ‘द पेनल्टिमेट ट्रुथ’ या कादंबरीत तर कपट मूळ कल्पनेतच आहे. जमिनीखालच्या टाक्यांत राबणाऱ्या लोकांना वाटते की वर युद्ध चालू आहे. वस्तुतः ते केव्हाच संपले असून पडद्यावर दिसणारे युद्ध बनावट आहे. हे गुपित डिक शेवटपर्यंत राखू शकले असते. त्यांनी कादंबरीची सुरुवातच वरच्या जगात, ही खोटी भाषणे लिहिणाऱ्या माणसाच्या टेबलापाशी केली. मग टाकीतला निकोलस सेंट जेम्स वर यायला निघतो, तो सत्याच्या शोधात नव्हे. टाकीतला मुख्य मेकॅनिक मरणाच्या दारात आहे, त्याला कृत्रिम स्वादुपिंड हवे आहे आणि त्याच्यावाचून यंत्रमानवांच्या उत्पादनाचा ठरवून दिलेला आकडा गाठता येणार नाही, म्हणून तो निघतो. वाचकाला सत्य आधीच माहीत असल्यामुळे त्या साध्या माणसाच्या प्रत्येक पावलाला वजन येते. मॉर्डेकाय रॉशवाल्ड यांच्या १९५९च्या ‘लेव्हल ७’मध्ये क्षेपणास्त्रांची बटणे दाबण्यासाठी खोल जमिनीखाली नेमलेल्या अधिकाऱ्याची डायरी आहे. त्याचे नाव नाही, क्रमांक आहे: एक्स-१२७. युद्ध तीन तासांच्या आत आटोपते, वरचे स्तर एकेक करून मरतात, आणि पाचशे वर्षे पुरेल अशा तयारीने बांधलेला सातवा स्तर स्वतःच्याच अणुभट्टीतल्या गळतीने संपतो. त्याचा घात बाहेरचा शत्रू करत नाही, घरातली भट्टी करते.

यातल्या ‘द मशीन स्टॉप्स’ आणि ‘लेव्हल ७’ या दोन कृती बीबीसीने १९६६मध्ये ‘आउट ऑफ द अननोन’ या मालिकेत स्वतंत्र नाटकांसारख्या सादर केल्या. ‘लेव्हल सेव्हन’चे रूपांतर तर जे. बी. प्रिस्टली यांनी केले होते. एका बैठकीत संपणाऱ्या त्या रूपांतरांवर प्रेक्षकाला पुढच्या आठवड्यापर्यंत टांगून ठेवण्याचा भार नव्हता. आज या प्रकाराला जो पैसा, जे तंत्र आणि जे अभिनेते मिळतात त्यांची तेव्हा कल्पनाही करता आली नसती, पण वेळेच्या हिशेबात ते निर्माते अधिक मोकळे होते.

हाउई यांचे लेखन या जुन्या घराण्यातले आहे, हे त्याच्या जन्मकथेतही दिसते. जुलै २०११मध्ये त्यांनी ‘वूल’ ही दीर्घकथा स्वतःच किंडलवर ९९ सेंटला विकायला ठेवली. वाचकांनी आणखी मागितले म्हणून चार भाग लिहिले, आणि जानेवारी २०१२मध्ये पाचांचे एकत्र पुस्तक झाले. पुढे सायमन अँड शुस्टर या मोठ्या प्रकाशनाला त्यांनी फक्त छापील आवृत्तीचे हक्क दिले आणि ई-पुस्तकाचे स्वतःकडे ठेवले. कथा अशा तुकड्यांनी वाढल्यामुळे मोठा उलगडा पहिल्याच तुकड्यात खर्च झाला होता. दुसऱ्या भागापासून लेखकाला दुसरे काहीतरी सांगणे भागच होते, आणि त्याने भुयार कसे चालते ते सांगितले. दुसऱ्या भागात वयस्कर महापौर जान्स आणि तिचा उपशेरीफ मार्न्स नवा शेरीफ निवडण्यासाठी तळाशी जायला जिना उतरू लागतात. १४४ मजले, लिफ्ट नाही. मुक्काम करत, गुडघे सांभाळत, शेतीचे मजले आणि बालकांचा विभाग ओलांडत ते उतरतात, आणि त्या पायपिटीत सबंध समाजरचना वाचकाच्या अंगात उतरते. संगणकावरून संदेश पाठवायला इतके पैसे पडतात की लोक हमालाच्या हाती चिठ्ठी देणे पसंत करतात. वरच्यांनी खालच्यांशी सहज बोलू नये ही व्यवस्था कुठल्याही हुकुमाशिवाय, फक्त दरपत्रकाने साधली आहे. या तपशिलात जितकी राजकीय समज आहे तितकी कैक पाठलागांत सापडत नाही.

आणि ती टेप. शिक्षा म्हणून बाहेर पाठवलेल्याच्या पोशाखाचे सांधे जिने बंद केले जातात ती उष्णतारोधक टेप आयटी विभाग मुद्दाम कच्ची बनवतो, म्हणून आजवर प्रत्येक जण ठराविक अंतरावर कोसळला. नवी शेरीफ झालेली जूलिएट तळाच्या यंत्रशाळेत वाढलेली आहे. टेप हातात घेतल्यावर कच्ची कुठली आणि पक्की कुठली हे तिला कळते. ती बाहेर पाठवली जाते तेव्हा पुरवठा विभागातली माणसे गुपचूप चांगली टेप वापरतात आणि ती टेकडी ओलांडणारी पहिली ठरते. एका राजवटीचे खोटे उघडे पडते ते चांगल्या मालामुळे आणि कामगारांच्या आपसातल्या इमानामुळे.

मालिकेचे कर्ते ग्रॅहम योस्ट यांना हे कळत नव्हते असे म्हणता येणार नाही, कारण पहिल्या पर्वाचा तिसरा भाग त्याचा भक्कम पुरावा आहे. सगळ्या भुयाराला वीज देणारे टर्बाइन थरथरते आहे, एक पाते वाकले आहे, आणि ते बंद केल्याशिवाय दुरुस्ती शक्य नाही. बंद केले तर खालून येणारी वाफ कोंडेल. अर्ध्या तासाची मुदत असते. माणसे अंधारात पाते उतरवून ठोकून सरळ करतात. रेबेका फर्ग्युसनची जूलिएट खालच्या कोठीत तापलेल्या झडपेवर पाण्याचा मारा करत उभी राहते आणि पाणी तिच्याभोवती चढत जाते. यात कुणी खलनायक नाही, गुपित नाही, गोळीबार नाही. धातूचा करकर आवाज, घड्याळ आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर लागलेला सलग, निर्धोक सूर एवढ्यावर हा भाग श्वास रोखायला लावतो. कागदावरचा लेखक हा सूर ऐकवू शकत नाही. भुयाराची कथा सांगण्याचे खरे सामर्थ्य टेलिव्हिजनपाशी आहे, ते इथे.

त्यानंतर मात्र मालिका त्या बळावर विसंबत नाही. पुस्तकात जूलिएटच्या मृत प्रियकराचा धागा बारीक आहे. मालिकेत त्याचा मृत्यू तपासकथेचा कणा होतो. जुन्या जगातले जप्त ‘अवशेष’, दडवलेली हार्ड ड्राइव्ह, आरशांमागचे कॅमेरे यांची रीघ लागते. जान्स आणि मार्न्स यांचा जिना थोडक्यात उरकतो. दुसऱ्या पर्वात जूलिएट शेजारच्या उद्ध्वस्त भुयारात अडकते आणि परतण्याच्या खटपटीत जवळपास सगळे पर्व जाते, तर जुन्या भुयारातले बंड तिची वाट पाहत ताणले जाते. त्यात चित्रण इतके काळोखे की दिवसा घरातल्या टीव्हीवर चेहरे ओळखणे कठीण व्हावे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: हिरवळीबद्दलचा संशय टिकवल्यामुळेच प्रेक्षक पात्रांच्या अज्ञानात सहभागी झाला आणि पहिल्या पर्वाचा शेवट प्रभावी ठरला. तो शेवट प्रभावी आहे हे मी मान्य करतो. जूलिएटच्या काचेवरची हिरवळ विझते, टेकडीवरून तिच्याच भुयारासारखे असंख्य खड्डे दिसतात, आणि तो क्षण विसरता येत नाही. पण त्यासाठी काय गमावले तेही पाहायला हवे. बाहेर मरण आहे हे पहिल्याच कथेत कळलेल्या वाचकापुढे लगेच दुसरा, फार अवघड प्रश्न उभा राहतो: दहा हजार माणसे जिवंत राहावीत म्हणून खोटे बोलणारा आयटी विभागाचा प्रमुख बर्नार्ड चूक आहे का, आणि असेल तर नेमका कुठे? मालिकेच्या प्रेक्षकाला हा प्रश्न दहा भाग पडूच शकत नाही, कारण बर्नार्ड कशाचे रक्षण करतो आहे हेच त्याला माहीत नाही. त्यामुळे बर्नार्ड साकारणाऱ्या टिम रॉबिन्ससारख्या नटाला पहिल्या पर्वात संशयित म्हणून वावरावे लागते. दुसऱ्या पर्वात सत्य उघडे पडल्यावर तोच बर्नार्ड थकलेला, घाबरलेला, जवळजवळ दयनीय माणूस होतो आणि भूमिका जिवंत होते.

गुपित लवकर उघडे करावे हा नियम ‘सायलो’पुरता आहे का, हे दुसऱ्या दोन मालिकांवर तपासता येते. ‘फॉलआउट’ हा १९९७चा संगणकीय खेळ. त्याच्या जगावर आधारलेली ॲमेझॉनची मालिका एप्रिल २०२४मध्ये आली. भुयारे विकणारी व्हॉल्ट-टेक ही कंपनी कशी आहे हे खेळणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होते, म्हणून मालिकेला ते दडवण्याचा फारसा मोह नव्हता. युद्धाआधी त्या कंपनीच्या जाहिरातीत हसणारा नट कूपर हॉवर्ड आणि दोनशे वर्षांनी वाळवंटात भटकणारा घूल नावाचा नाक नसलेला माणूस एकच आहेत, हे आपण सुरुवातीपासून जाणतो. पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात बड्या उद्योगांचे प्रमुख एका टेबलाभोवती बसून कोणत्या भुयारात माणसांवर कोणता प्रयोग करायचा याच्या कल्पना हौसेने मांडतात. ते दृश्य झोंबते ते कंपनीचे इरादे वाईट निघाले म्हणून नव्हे, बैठकीचा सूर कोणत्याही विक्री-बैठकीचा आहे म्हणून.

हुलूवरची ‘पॅराडाइज’ (जानेवारी २०२५) कुठल्या पुस्तकावरून घेतलेली नाही, तरी या चर्चेत ती टाळता येत नाही. कोलोरॅडोतल्या डोंगराखाली पंचवीस हजार माणसांचे शहर वसले आहे, हे मालिकेचे कर्ते डॅन फोगलमन पहिल्याच भागाच्या अखेरीस सांगून टाकतात. सातव्या भागात प्रलयाचा दिवस दाखवला आहे. कोण वाचणार, कोण मागे राहणार हे आपल्याला आधीच माहीत असते, आणि तरी किंवा म्हणूनच, व्हाइट हाउसच्या मार्गिकांतून निघणारी माणसे आणि तिथेच सोडलेली माणसे पाहणे असह्य होते. माझ्या मते या प्रकारातला अलीकडचा तो सर्वात समर्थ भाग आहे. त्याच मालिकेचे दुर्दैवही सांगायला हवे. राष्ट्राध्यक्षाचा खून कुणी केला याचे उत्तर पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात मिळते: डोंगर पोखरण्याच्या कामावरचा एक प्रमुख, ज्याने मजुरांच्या शरीरात विष भिनते आहे हे ओरडून सांगितले आणि ज्याला हाकलून दिले. ज्यांच्या हातांनी आसरा खणला त्यांनाच आसरा नाही, हा खरे तर संपूर्ण मालिकेचा विषय व्हायला हवा होता. खुनी ओळखा या खेळाचे उत्तर म्हणून तो शेवटच्या तासात येतो आणि हाताशी लागेपर्यंत संपतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. बंकर ही वस्तूच गुप्ततेची. मग तिच्या कथेतून गुपित वजा कसे करणार? उत्तर इतिहासात सापडते. वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीनब्रायर या आलिशान हॉटेलाखाली अमेरिकी काँग्रेससाठी बांधलेला बंकर तीस वर्षे गुप्त राहिला. १९९२मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने तो उघड केला. तो सज्ज ठेवणारी माणसे हॉटेलात टीव्ही दुरुस्त करणारे तंत्रज्ञ म्हणून वावरत आणि खरोखरच पाहुण्यांच्या खोल्यांतले टीव्ही दुरुस्त करत. उरलेल्या वेळात खाली गाळण्या बदलायच्या, औषधे ताजी ठेवायची. बंकर आहे हे कळण्याचा धक्का एका सकाळचा. तीस वर्षे ही माणसे काय समजून रोज कामावर गेली असतील, हा विचार मात्र संपत नाही. गुपित कसे राखले जाते हे दाखवायला ते प्रेक्षकापासून राखावे लागत नाही.

ॲपलने डिसेंबर २०२४मध्ये ‘सायलो’चे तिसरे आणि चौथे पर्व जाहीर केले, चौथे शेवटचे. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस कथा एकदम प्रलयापूर्वीच्या वॉशिंग्टनमध्ये गेली आहे, म्हणजे पुढचा आधार हाउई यांच्या ‘शिफ्ट’ या २०१३च्या पुस्तकाचा. त्या पुस्तकात भुयारे कुणी आणि का खणली हे लेखक आडपडदा न ठेवता सांगतो. आपण नेमके काय बांधतो आहोत हे न कळता आराखडा काढून देणारा डोनल्ड, मग गोठवलेल्या झोपेतून पाळीपुरता उठून इतर भुयारांवर नजर ठेवण्याची नोकरी करतो, आणि आपण काय केले ते आठवू नये म्हणून त्याला औषध दिले जाते. पाळी, हजेरी, नोंदवही, पुन्हा झोप. इथे ताणायला मोठे रहस्य उरलेले नाही. टर्बाइनचा तो भाग ज्यांनी रचला त्यांना पुन्हा तशाच कामाची संधी आहे, फक्त या वेळी यंत्राच्या जागी एक माणूस आहे.