काळ्या पडद्यावरची कळलावी

आता पडद्यावर जो फोटो आहे, तो कळलावीचा. पावसाळा लागला की पाटणादेवी, यावल, लळिंग इकडून रानफुलांचे असे फोटो आपल्या मोबाइलवर यायला लागतात. फोटो चांगलाय, हे आधी सांगतो. सहा पाकळ्या मागे वळून वर गेलेल्या, कडा नागमोडी, वर लाल, खाली पिवळ्या. आणि हा कुक्षीवृंत बघा, बुडाशीच जवळजवळ काटकोनात वळून बाजूला निघालाय, स्वतःच्याच केसरांपासून लांब. चालता चालता हे कुणाला दिसतं? मॅक्रो लेन्सनं दाखवलं, तिचं ते कामच आहे.

माझी तक्रार त्या काळ्या रंगाबद्दल आहे. भर दुपारच्या फोटोत एवढा अंधार आला कुठून? लेन्सचं छिद्र बारीक केलं, एफ सोळा वगैरे, आणि फ्लॅश मारला. वीतभर अंतरावरचं फूल लख्ख उजळतं, मागच्या झाडांपर्यंत तो उजेड पोचतच नाही. रान तिथं होतंच की! फक्त उजेडातून वगळलं.

आणि त्यात पान गेलं. कळलावीच्या पानाचं टोक निमुळतं होत तणाव्यासारखं वळतं आणि शेजारच्या झुडपाला धरतं. त्या आधारावर ही वेल चढते. काही जण तर फ्रेम ‘साफ’ करायला आजूबाजूच्या काटक्या मोडतात, म्हणजे जिला धरून ती उभी आहे तीच काटकी!

कुणी म्हणेल, कार्ल ब्लॉसफेल्टनंही हेच केलं. केलं ना. १९२८ साली त्याचं पुस्तक आलं. साध्या पार्श्वभूमीवर कितीतरी पट मोठे केलेले कोंब, कळ्या, पानं. पण तो बर्लिनच्या कलाशाळेत शिकवायचा, विद्यार्थ्यांना आकार दाखवायला ते फोटो होते. तोडून आणलेली फांदी तो रान म्हणून खपवत नव्हता. आपल्या फोटोखाली मात्र ‘सातपुड्याचं वैभव’ असं लिहिलेलं असतं. सातपुडा कुठंय यात?

आपलं रान कोकणासारखं नाही. साग, सालई, अंजन. उन्हाळ्यात उघडं पडणारं. कळलावीचा कंद तेव्हा जमिनीत गप्प असतो, आणि पाऊस आला की पान, वेल, फूल, बी सगळं त्या तीन-चार महिन्यांत उरकायचं. फूल त्या घाईतलं आहे.

हा दुसरा फोटो बघा. छायाचित्रकार हातभर मागे सरकलाय, फ्लॅश नाही, ढगाळ उजेड. फूल नखाएवढं दिसतंय, पण पानाचं टोक सागाच्या रोपाला वेढा घालून बसलंय आणि एक पान किड्यानं कुरतडलंय. पाकळ्या जरा हलल्यात, शटर अजून जलद हवं होतं. तरी स्पर्धेत निवडायला सांगितलं, तर मी हाच निवडेन.