‘निराधार’ या संज्ञेची मीमांसा : दिव्यांग बालकांच्या कुटुंबांना मिळणाऱ्या अनुदानाच्या संदर्भात

शासकीय योजनेचा मसुदा हा समीक्षेचा विषय सहसा मानला जात नाही. परंतु ज्या मजकुरातील एका पदाच्या अर्थावरून एखाद्या घराला दरमहा पैसे मिळावयाचे की नाही हे ठरते, तो मजकूर कथाकवितेपेक्षा कमी काळजीने वाचण्याचे काही कारण नाही. महाराष्ट्रात 1980 साली सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना हा असा एक मजकूर होय. 65 वर्षांखालील निराधार व्यक्तींबरोबर दिव्यांगांचाही तीत समावेश आहे. दिव्यांग अपत्याचे संगोपन करणाऱ्या कुटुंबाच्या बाजूने ही योजना वाचली असता तिच्या नावातच एक अंतर्विरोध आढळतो. तो केवळ शाब्दिक आहे, की त्याचे व्यवहारात परिणाम होतात, हे येथे पाहावयाचे आहे.

‘निराधार’ म्हणजे ज्याला आधार नाही तो. ‘आधार’ हा शब्द ‘धृ’ म्हणजे धारण करणे या धातूपासून आलेला असून, पाणिनीने अधिकरण कारकाची व्याख्याच या शब्दाने केली आहे. क्रिया ज्याच्या ठायी टिकून राहते ते अधिकरण. या अर्थाने पाहता, आईवडिलांजवळ वाढणारे दिव्यांग मूल निराधार ठरत नाही. त्याला भरविणे, उचलणे, स्वच्छ ठेवणे, रात्री जागणे या सर्व क्रियांना एक निश्चित अधिकरण असते; ते म्हणजे त्याचे घर, आणि बहुधा त्या घरातील एक स्त्री. योजनेचे नाव हे अधिकरणच नाकारते. याहून विलक्षण गोष्ट अशी की, 2010 साली नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथून वाटप सुरू झालेल्या ओळखक्रमांकालाही ‘आधार’ हेच नाव मिळाले. त्यामुळे निराधाराला निराधार ठरण्यासाठी आधार दाखवावा लागतो.

नावातील दुसरे पद ‘अनुदान’ हे नेमके उलट दिशेने जाते. शाळेला अनुदान मिळते ते ती शिकविते म्हणून; विद्यापीठाला मिळते ते तेथे अध्ययन-संशोधन चालते म्हणून; शेतकऱ्याला बियाण्यावर मिळते ते तो पेरणी करतो म्हणून. म्हणजे रूढ मराठीत अनुदानामागे चालू असलेले एखादे कार्य गृहीत असते. केवळ हानी किंवा अभाव पाहून रक्कम द्यावयाची असेल तेव्हा त्याला ‘सानुग्रह’ हे विशेषण मुद्दाम जोडावे लागते. यास्तव ‘निराधार अनुदान’ या समासात पहिले पद अभाव सांगते, तर दुसरे पद कार्याची अपेक्षा निर्माण करते. हे कार्य कोण करते, याचा उल्लेख मात्र कोठेच येत नाही. कुटुंब मजकुरात येते ते उत्पन्नाच्या अटीपुरते. ते किती कमावते हे विचारले जाते; ते काय करते हे विचारले जात नाही.

या अनुल्लेखाचा भार कोठे पडतो हे पाहण्यासाठी चिचगडसारखे गाव घ्यावे. पूर्वी भंडारा जिल्ह्यातील एका जमीनदारीचे ठिकाण असलेले हे गाव 1999 पासून गोंदिया जिल्ह्यात, देवरी तालुक्यात मोडते. भोवतालच्या घरांतून गोंडी व झाडीबोली कानी पडते. धानाची रोवणी, मोहफुले वेचणे आणि उन्हाळ्यातील तेंदूपानांची तोडणी यांवर या भागातील अनेक घरांचे वर्ष चालते. ही सर्व कामे घराबाहेरची आणि ठरावीक दिवसांची आहेत. ज्या घरात मुलाला एकटे ठेवता येत नाही, त्या घरातील एक माणूस त्या दिवसांच्या मजुरीला मुकतो. अर्जासाठी देवरीचे तहसील कार्यालय आणि प्रमाणपत्रासाठी वैद्यकीय मंडळ गाठावे लागते. त्याही दिवसाची मजुरी बुडते. घरात ‘पोर सांभाळते’ असे म्हटले की क्रियापदाला आई हा कर्ता मिळतो. अर्जावर ‘अर्जदार’ आणि ‘लाभार्थी’ ही दोनच पदे उरतात आणि सांभाळणारी व्याकरणातूनच गळते.

केवळ शब्द बदलून हा दोष जात नाही, हे ‘दिव्यांग’ या संज्ञेवरून दिसून येते. 2015 साली पंतप्रधानांनी सुचविलेली ही संज्ञा पुढे शासनव्यवहारात रूढ झाली. ‘विकलांग’ जाऊन ‘दिव्यांग’ आले, परंतु ‘अंग’ कायम राहिले. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने 1995 च्या कायद्यातील 7 प्रकारांऐवजी 21 प्रकार मान्य केले. त्यांत पूर्व विदर्भात आढळणारा सिकलसेल हा रक्तविकारही आहे. अशा बालकाचे अंग वरून धडधाकट दिसते; वेदना येते तेव्हा घर थांबते. ‘अंग’केंद्री संज्ञेला ही अवस्था नीट कवेत घेता येत नाही.

याच अधिनियमाची परिभाषा मात्र अधिक परिपक्व आहे. त्यात काळजीवाहकाची स्वतंत्र व्याख्या असून मोबदला घेऊन वा न घेता काळजी घेणारे आईवडील व इतर कुटुंबीय तीत स्पष्टपणे येतात. कलम 24 मध्ये दिव्यांगांसाठीचे साहाय्य इतरांच्या तत्सम योजनांपेक्षा किमान 25 टक्के अधिक असावे असे म्हटले असून, अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचीही तरतूद आहे. महाराष्ट्रात 2023 साली निराधार अनुदान दरमहा 1,500 रुपये झाले आणि 2025 साली दिव्यांगांसाठी ते 2,500 रुपये करण्याचा निर्णय झाला. रकमेचे प्रमाण अशा रीतीने कायद्याच्या पुढे गेले. परिभाषा 1980 च्याच जागी राहिली. 2009 च्या केंद्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत तर किमान वय 18 आणि दिव्यांगत्व 80 टक्के असल्यामुळे बालकाचा प्रश्नच उद्भवत नाही.

अन्यत्र याहून वेगळे घडले आहे. केरळच्या ‘आश्वासकिरणम्’ योजनेत साहाय्य काळजी घेणाऱ्याला मिळते. राजस्थानने अनाथ बालकांसाठी 2005 साली आखलेल्या योजनेचे ‘पालनहार’ हे नावच पालन करणाऱ्याचे आहे. ब्रिटनमध्ये 1976 साली काळजी घेणाऱ्यांसाठी स्वतंत्र भत्ता सुरू झाला, पण विवाहित स्त्रियांना त्यातून वगळले होते. त्यांनी घरी असणे गृहीतच होते. 1986 साली युरोपीय न्यायालयाच्या निर्णयाने हे बंधन गेले. व्याख्येतील एका अपवादाने दहा वर्षे कोणाचे श्रम अदृश्य राहिले, हे यावरून ध्यानात येते.

‘निराधार’ ही संज्ञा मूळच्या हेतूला, म्हणजे ज्यांना खरोखरच कोणी नाही त्यांना, उचितच होती, असा आक्षेप येथे घेता येईल, आणि तो रास्त आहे. दोष त्या संज्ञेचा नसून, भिन्न परिस्थितीतील कुटुंबांना तिच्याच छत्राखाली आणण्याचा आहे. यावर उपाय म्हणून नवे गौरवपर नाव शोधण्याचे प्रयोजन नाही. अर्जात सांभाळणाऱ्या व्यक्तीसाठी एक रकाना, मसुद्यात तिची व्याख्या आणि तिच्या बुडालेल्या मजुरीचा विचार करून ठरविलेला वेगळा भत्ता, एवढे झाले तरी ‘अनुदान’ या पदाला त्याचा रूढ अर्थ परत मिळेल. 2016 च्या कायद्याने त्यासाठी लागणारी शब्दयोजना आधीच करून ठेवली आहे.