ड्रमविना एक मैफल

जाझ म्हटले की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे लग्नाच्या हॉलमधला बँड उभा राहतो : ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि त्यांना रेटणारा ड्रम. ली कोनिट्झ यांची ‘अलोन टुगेदर’ ही ध्वनिमुद्रिका ऐकताना ते चित्र बाजूला ठेवावे लागते. येथे ड्रम नाहीच. डिसेंबर १९९६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘जाझ बेकरी’ या सभागृहात श्रोत्यांसमोर हे वादन झाले. (सभागृह खरोखरच एका जुन्या पाव-कारखान्याच्या आवारात होते.) सॅक्सोफोनवादक कोनिट्झ तेव्हा ६९ वर्षांचे होते, डबल बास वाजविणारे चार्ली हेडन ५९ चे, तर पियानोवरचे ब्रॅड मेल्डाऊ अवघे २६ चे.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस बहुतेक तरुण सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांचे अनुकरण करीत असता कोनिट्झ यांनी आपला स्वर निराळा राखला. मूळ चाल पूर्ण आत्मसात करावी आणि मग तिच्यापासून एकेक पाऊल दूर जावे, असे ते शिकवीत. पाठ केलेल्या जागा घेण्याचे त्यांना वावडे होते. उतारवयात हे व्रत अवघड. कारण बोटे सवयीकडेच वळतात. या मैफलीत कोनिट्झ मधूनच थांबतात, वाक्य अर्धे सोडतात, स्वर कोरडा पडतो. प्रथम ऐकताना आम्हांस तो थकवा वाटला. पुन्हा ऐकल्यावर उमगले, की थांबून ते सोबत्यांचे ऐकत आहेत आणि पुढचा स्वर त्यातूनच उचलत आहेत. ‘चेरोकी’ हे गाणे वादक एरवी वेगाच्या शर्यतीसाठी वापरतात. येथे ती शर्यत नाही.

ड्रमची उणीव हेडन भासू देत नाहीत. बालपणी ते कुटुंबाच्या रेडिओ-कार्यक्रमात गात. पोलिओने कंठ दुखावला आणि गाणे सुटले. त्यांचा बास मोजकाच बोलतो, पण प्रत्येक स्वर गायल्यासारखा.

मेल्डाऊ यांच्याबद्दल मात्र आमची थोडी तक्रार आहे. त्यांच्या हातात इतके आहे, की कोनिट्झ यांनी राखलेली रिकामी जागा ते कधीकधी भरून टाकतात. बहुतेक गाणी दहा मिनिटांहून लांब असल्याने हे अधिक जाणवते. तरीही ‘राउंड मिडनाइट’साठी हे सारे माफ.

हेडन २०१४ मध्ये निवर्तले. कोनिट्झ २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, वयाच्या ९२ व्या वर्षी. आपल्या गायनवृंदांतील वादक मुलांनी ही ध्वनिमुद्रिका अवश्य ऐकावी, आणि पहिल्या खेपेस सॅक्सोफोन सोडून केवळ बासकडे कान द्यावा.